इचेनकाठचे परराष्ट्रमंत्री

सर एडवर्ड ग्रे हे नाव पहिल्या महायुद्धाच्या इतिहासात आपण सर्वांनी शाळेत वाचलेले असते. डिसेंबर १९०५ पासून डिसेंबर १९१६ पर्यंत, सलग अकरा वर्षे, ते इंग्लंडचे परराष्ट्रमंत्री होते. एवढा काळ अखंडपणे ते पद दुसऱ्या कोणीही सांभाळलेले नाही. परंतु विलायतेत एक वर्ग असा आहे की, तो त्यांना ओळखतो तो १८९९ साली निघालेल्या एका लहानशा पुस्तकामुळे. त्या पुस्तकाचे नाव ‘फ्लाय फिशिंग’. म्हणजे पिसे आणि रेशीम गळावर बांधून केलेल्या खोट्या माशीने मासे धरण्याची विद्या. माशी आणि मासा ह्या दोन शब्दांचा आपल्या भाषेत जो घोटाळा होतो, तो वाचकांनी सांभाळून घ्यावा.

ग्रे ह्यांचा जन्म २५ एप्रिल १८६२ चा, लंडनमधला. घराणे नॉर्दम्बरलंडातील फॅलोडनचे, राजकारणात मुरलेले. आजोबा सर जॉर्ज ग्रे गृहमंत्री होऊन गेलेले. १८७४ मध्ये वडील वारले आणि मुलाचा भार आजोबांवर आला. दोन वर्षांनी त्यांना विंचेस्टरच्या शाळेत घातले. शाळेजवळून इचेन नदी वाहते. चुनखडीच्या टेकड्यांतून झिरपून आलेले तिचे पाणी उन्हाळ्यात फार तापत नाही, हिवाळ्यात फार गोठत नाही, आणि इतके नितळ की तळाशी उभा असलेला ट्राउट मासा काठावरून दिसावा. (हाच मासा पुढे इंग्रजांनी काश्मीरच्या नद्यांत आणून सोडला.) मासा आपल्याला दिसतो, तसे आपणही त्याला दिसतो. अशा नदीवर शिकायला बसणे म्हणजे जाणकारांच्या बैठकीत पहिल्यांदा तंबोरा घेऊन बसण्यासारखेच! पहिल्या हंगामात ह्या विद्यार्थ्याच्या हाती जवळजवळ काहीच लागले नाही. तरी तो रोज जात राहिला.

नवशिक्याचे दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, ही काठी चालवायची कशी? आपल्याकडे गळाला शिसे बांधतात आणि त्याच्या भाराने गळ दूर जातो. ह्या खेळात माशी केसाएवढी हलकी. ती फेकता येतच नाही. फेकायची ती जाड दोरी, माशी तिच्यामागून जाते. दोरी पाठीमागे उडवायची, ती मागे पुरती सरळ होईपर्यंत क्षणभर थांबायचे, आणि मगच पुढे सोडायची. नवशिका तो क्षण थांबत नाही, म्हणून दोरीचा गुंता होतो. माझे विद्यार्थी सम गाठण्याच्या घाईत खालीच्या मात्रा गिळतात, त्यातलाच हा प्रकार. मासा प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, कारण अन्न वरून वाहत येते. म्हणून त्याच्या मागून जायचे आणि माशी त्याच्या पुढे वरच्या बाजूला अलगद उतरवायची. ती प्रवाहाच्याच गतीने तरंगत आली पाहिजे. दोरीने तिला किंचित ओढले तरी मासा तोंड फिरवतो. ही झाली कोरड्या माशीची रीत. उत्तरेकडच्या उसळत्या नद्यांत माशी बुडवून खेळतात. ग्रे ह्यांना दोन्ही येत होत्या, जीव मात्र पहिलीवर.

दुसरा प्रश्न, मासा गळाला केव्हा लागतो? ह्याचे उत्तर घड्याळात नाही, किड्यांत आहे. नदीच्या तळाशी वाढलेले किडे ज्या वेळी वर येऊन पंख फुटून उडतात, ती माशाची जेवणाची वेळ. एप्रिलमध्ये थंडी असते, म्हणून दुपारच्या आसपासचे दोन-तीन तास तेवढे कामाचे. मे-जूनमध्ये दिवसाचा बराच भाग चांगला. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र भर दिवसा नदी निजलेली असते; पाणी तापले की त्यातील प्राणवायू घटतो आणि ट्राउट सुस्तावतो. तेव्हा पहाट पाहावी, नाहीतर दिवेलागणीची घटका. त्या वेळी पाण्यावर जागोजागी वर्तुळे उमटू लागतात आणि अंधार पडेपर्यंत माणसाला श्वास घ्यायला फुरसत नसते. आपल्या रागांना प्रहर असतात; आमच्या घरी दरबारी शिस्तीत ते पाळले जात. परंतु आपले प्रहर परंपरेने ठरले, नदीचे पोटाने.

ऑक्सफर्डला गेल्यावर ग्रे ह्यांनी अभ्यास सोडून बाकी सर्व केले. १८८४ च्या जानेवारीत आळसाबद्दल त्यांना कॉलेजातून घालवून दिले; परत येऊन कशीबशी तिसऱ्या वर्गात परीक्षा पदरात पाडून घेतली. त्याच विद्यापीठाने १९२८ मध्ये त्यांना आपले कुलपती केले! १८८५ मध्ये ते पार्लमेंटात गेले आणि त्याच साली डॉरोथी विड्रिंग्टन ह्यांच्याशी विवाह झाला. १८९० मध्ये दोघांनी इचेन ॲबस येथे नदीकाठी एक साधी झोपडीवजा बंगली बांधली. आठवडाभर लंडनचा धूर सोसायचा आणि शनिवारी भल्या पहाटेची गाडी धरून नदी गाठायची, असा क्रम. पुस्तक जन्मले ते ह्या शनिवारांतून.

परराष्ट्रमंत्री होऊन दोन महिने झाले नाहीत तोच, १९०६ च्या फेब्रुवारीत, डॉरोथी गाडीतून फेकल्या जाऊन वारल्या. मूलबाळ नव्हते. ग्रे कामाला लागले, आणि शनिवारी एकटे बंगलीवर जाऊ लागले.

त्यांच्यावरचा मोठा आक्षेप ह्या बंगलीशीच बांधलेला आहे. २५ जुलै १९१४, शनिवार. सर्बियाने ऑस्ट्रियाला उत्तर द्यायची मुदत त्या संध्याकाळी संपत होती, आणि इंग्लंडचे परराष्ट्रमंत्री इचेनकडे निघून गेले. रविवारी कचेरीतून चार राष्ट्रांच्या परिषदेची सूचना आली, तिला त्यांनी तारेने संमती दिली. जर्मनीने ती परिषद नाकारली. २८ तारखेला ऑस्ट्रियाने युद्ध पुकारले. ते लंडनमध्ये बसले असते तर युद्ध टळले असते, असे मला वाटत नाही. परंतु तो रविवार नदीकाठी जायला नको होता, हे टीकाकारांचे म्हणणे मात्र खोडता येत नाही. ज्या राष्ट्रांना ते ओळखत नव्हते, त्यांनीही आपल्यासारखेच समंजस असावे असे ते धरून चालले. ३ ऑगस्टला त्यांनीच पार्लमेंटात उभे राहून देशाला युद्धाच्या दाराशी नेले.

त्याच वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितले होते की, दृष्टी जात आहे आणि पुढे वाचता येणार नाही. युद्ध चालू असता, कागदांचे ढीग समोर असता, ती जात राहिली. १९१६ मध्ये पद सुटले तेव्हा बरीच गेली होती. मग पाण्यावर तरंगणारी माशी दिसेना, आणि कोरडी माशी संपली. उरला सॅमन. हा मासा समुद्रातून नदीत चढतो, नदीत काही खात नाही, तरी माशीवर का झडप घालतो हे कोडेच आहे. पुराचे पाणी ओसरू लागले की तो अधिक लागतो एवढे खरे. तेथे बुडवलेल्या माशीला बसणारा हिसका हाताला कळतो, डोळा लागत नाही. ग्रे सॅमनकडे वळले.

पुढेही नशिबाने फारसे सोडले नाही. १९१७ मध्ये फॅलोडनचा वाडा जळाला, १९२३ मध्ये नदीकाठची बंगली. १९२२ मध्ये त्यांनी पामेला टेनंट ह्यांच्याशी दुसरा विवाह केला. त्याही १९२८ मध्ये गेल्या. फॅलोडनच्या तळ्यावर त्यांनी देशोदेशीची बदके पाळली होती. ती त्यांच्या हातून दाणे खात. १९२७ मध्ये त्यांचे पक्ष्यांवरचे पुस्तक निघाले. त्यात महिन्यामागून महिना कोणता पक्षी गातो, केव्हा गप्प होतो आणि पुन्हा केव्हा सूर लावतो, हे कानाने टिपलेले आहे. संगीत शिकणाऱ्यांनी ते अवश्य मिळवून वाचावे. ७ सप्टेंबर १९३३ रोजी फॅलोडन येथे ते वारले.