बेसुरांचे पंडितजी

वर्ध्याला शाळा-कॉलेज केलेल्या प्रत्येकाची एक तरी सेवाग्रामची ट्रिप झालेलीच असते. बापूकुटी बघायची, पिंपळाखाली फोटो काढायचा, बाहेर येऊन चहा-पोहे, की परत. पण त्या ट्रिपमधली बस सहसा दुपारी निघते. त्यामुळे तिथली सगळ्यात जुनी गोष्ट बघायची राहूनच जाते. खरं तर ती बघायची नाही, ऐकायची गोष्ट आहे. दिवस कलताना त्या उघड्या मैदानात माणसं जमिनीवर बसतात आणि गातात. स्टेज नाही, तिकीट नाही, ऑडिशन नाही. आश्रमातली माणसं, गावातलं कुणी, परगावचा एखादा पाहुणा, जो येईल तो गाणाऱ्यांत.

ही प्रार्थना सगळे गांधीजींच्या नावावर जमा करतात, आणि ते बरोबरही आहे. पण तिला सूर लावून देणारा माणूस वेगळा होता. त्याचं नाव नारायण मोरेश्वर खरे. आश्रमात सगळे त्यांना पंडितजी म्हणत. एके काळी हे नाव देशभर ठाऊक होतं. आज गाण्याच्या क्लासला जाणाऱ्या मुलांनाही ते सांगावं लागतं, म्हणून हा खटाटोप.

खरे मूळचे तासगावकडचे. त्यांचा जन्म १८८९ च्या सुमाराचा. गाण्यात त्यांना गुरू भेटले विष्णू दिगंबर पलुस्कर. पलुस्करांबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत, नाहीतर पुढचं कळणार नाही. लहानपणी फटाक्याच्या अपघातात या माणसाची दृष्टी गेली. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ते गाणं शिकले आणि संस्थानिकांच्या दरबारात न रमता बाहेर पडले. ५ मे १९०१ ला लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. राजाच्या मेहेरबानीवर नाही, लोकांच्या पैशावर. तोवर रागदारी कुठे होती? दरबारात, मैफिलीत, कोठ्यावर, नाहीतर गुरूच्या घरी पाणी भरणाऱ्या एखाद्या नशीबवान शिष्याच्या गळ्यात. चांगल्या घरच्या मुलानं, मुलीनं तर नाहीच नाही, गाणं शिकावं हे पटणारी घरं फार थोडी. पलुस्करांनी वर्ग भरवले, परीक्षा घेतल्या, स्वरलिपीची पुस्तकं छापली. म्हणजे गाणं शाळेत आणलं. आज तुम्ही मध्यमा, विशारद अशा परीक्षांची नावं ऐकता, त्याची मुळं तिथे आहेत.

खरे या शाळेत तयार झाले. त्यांच्याबरोबरची शिष्यमंडळी बघा: ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर. पुढे एकेकाचं नाव झालं, रेकॉर्डी निघाल्या, मैफिली गाजल्या. खऱ्यांनाही तो रस्ता मोकळा होता. शिक्षण तेच, गुरू तेच.

त्याच सुमाराला गांधीजींना आश्रमासाठी एक गवई हवा होता. गंमत अशी की गांधीजी स्वतः काही गाणारे नव्हेत. लंडनला शिकत असताना साहेब व्हायच्या नादात त्यांनी तीन पौंडांचं व्हायोलिन विकत घेतलं होतं आणि थोड्याच दिवसांत विकायला काढलं. पण एक गोष्ट त्यांना पक्की दिसली होती. आपल्याकडे सभेला हजारो लोक जमतात आणि नुसता गलका होतो. हजार माणसांना एका वेळी एक सूर धरता आला, तर त्या गर्दीची ताकद होईल, असं त्यांचं गणित. त्यांनी पलुस्करांकडे माणूस मागितला आणि पलुस्करांनी खऱ्यांना धाडलं. साल १९१८, ठिकाण साबरमती.

आता तुम्ही त्या जागी स्वतःला ठेवून बघा. ऐन उमेदीची वर्षं. गळा तयार. आणि समोर कोण? कुणी गुजरातचा, कुणी आंध्रचा, कुणी दक्षिण आफ्रिकेतून आलेला, एखादी म्हातारी, पाच-सात पोरं. भाषा वेगळ्या, उच्चार वेगळे. निम्म्यांना सूर सापडत नाही आणि उरलेल्यांना ताल. पहाट उजाडायच्या आत प्रार्थना, संध्याकाळी पुन्हा प्रार्थना, मधल्या वेळात सूतकताई, झाडलोट आणि संडाससफाई. ती पाळी कुणालाच चुकत नसे. दाद देणारा श्रोता एकही नाही, कारण तिथे श्रोता ही जातच नव्हती. बसला तो गाणार.

खऱ्यांनी इथे जे केलं ते मला एखाद्या मोठ्या मैफिलीपेक्षा अवघड वाटतं. रागदारी ही एकट्यानं गायची कला. गवई आलाप घेतो, वाट वाकडी करतो, समेवर परत येतो. ते सगळं त्या क्षणी त्याच्या डोक्यात घडतं. दहा जणांनी मिळून ते करायचं म्हटलं तर दहा दिशांना दहा जण. युरोपात समूहगानाची तोड निराळी निघाली. तिथे चर्चमधल्या गायकवृंदात उंच आवाजाच्या बायका, खालच्या आवाजाच्या बायका, उंच आवाजाचे पुरुष आणि खर्जातले पुरुष असे चार थर असतात. चौघांचे स्वर वेगवेगळे, पण लिहून दिलेले आणि एकमेकांत बसवलेले. आपल्याकडे तसं लिहिलेलं काही नाही. सगळे एकच स्वर गाणार. हे ऐकायला सोपं, पण एकानं जरी पट्टी सोडली तरी लगेच उघडं पडतं.

मग पंडितजींनी काय केलं? रागाचा सांगाडा ठेवला, दागिने काढले. तान नाही, लांबलचक आलाप नाही. एकानं ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ती उचलायची. सूर असा मधला की म्हाताऱ्याचा आवाज फाटू नये आणि पोराचा खाली बुडू नये. ताल चालीत बसणारा. पण राग मात्र सोडला नाही, हे लक्षात घ्या. सोपं करायचं म्हणजे पातळ करायचं असं त्यांनी मानलं नाही. खमाजात चढताना निषाद शुद्ध आणि उतरताना कोमल येतो. हा बारीक फरक पुस्तकात वाचून कुणाला येत नाही. पण रोज संध्याकाळी दोनशे वेळा म्हटला की ज्याला निषाद म्हणजे काय हेही ठाऊक नाही, त्याच्याही गळ्यात तो बसतो. नरसी मेहतांचं वैष्णव जन तो आपण सगळेच म्हणतो. पुढच्या वेळी उतरताना जरा कान देऊन बघा.

या शिकवण्यातून एक पुस्तक तयार झालं: आश्रम भजनावली. त्यात संस्कृत श्लोक आहेत, गीतेच्या दुसऱ्या अध्यायातली स्थितप्रज्ञाची लक्षणं आहेत, हिंदी, गुजराती, बंगाली भजनं आहेत. मराठीतले तुकाराम आणि रामदासही आहेत. लीड काइंडली लाइट या इंग्रजी प्रार्थनेचं नरसिंहराव दिवेटियांनी केलेलं गुजराती रूपही आहे. निवड आणि मांडणी यांत मोठा वाटा खऱ्यांचा. भजनांच्या डोक्यावर बारीक अक्षरात राग आणि ताल छापलेले असतात. १९३० साली येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी यातली भजनं इंग्रजीत उतरवली, तीही एका व्यक्तीसाठी, मीराबेनसाठी.

या मीराबेनची गंमत वेगळीच. मूळच्या मॅडेलिन स्लेड, इंग्लंडच्या. बेथोवनच्या संगीतानं त्यांना झपाटलं, त्या ओढीनं त्या रोमां रोलांपर्यंत पोचल्या आणि रोलांनी त्यांना गांधीजींचा पत्ता दाखवला. १९२५ मध्ये त्या साबरमतीला आल्या. ज्यांच्या कानात बेथोवनच्या नवव्या सिम्फनीचा तो प्रचंड गायकवृंद घुमत असेल, त्या बाई रोज पहाटे अंधारात बसून खऱ्यांच्या मागून ओळ उचलत होत्या. पुढे वर्ध्याजवळच्या शेगावात गांधीजींच्या आधी जाऊन राहिल्या त्या याच. आज आपण जिला बापूकुटी म्हणतो, ती आधी मीराबेनची झोपडी होती.

पण १९३० कडे परत जाऊ. त्या वर्षाच्या सुरुवातीला साबरमतीत देवीची साथ आली. आश्रमातली तीन मुलं दगावली. त्यांतलं एक पंडितजींचं. गांधीजींचा लशीवर विश्वास नव्हता. आई-बापांना त्यांनी मोकळीक दिली होती, पण ज्यांच्या शब्दावर सगळा आश्रम चालतो त्यांचं मत काय आहे, हे माहीत असताना मोकळीक किती मोकळी राहते? आज आपण ते मत चूकच म्हणू, आणि म्हणायला हवं. खरे आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी ते दुःख कसं गिळलं असेल, याचा अंदाज आपण करू नये.

थोड्याच दिवसांनी, १२ मार्चला सकाळी दांडीयात्रा निघाली. गांधीजींबरोबर निवडलेले ७८ जण होते. त्यांत पंडित खरे. सोबत तारेचं वाद्य. निघताना भजन त्यांनीच म्हटलं. दांडीपर्यंतचं अंतर पावणेचारशे किलोमीटरच्या वर, दिवस २४, आणि रोज मुक्कामाच्या गावात प्रार्थना. रघुपती राघव राजाराम ही धून गावोगाव गेली त्यात या पायपिटीचा हात मोठा आहे. मूल गेलेला बाप रोज संध्याकाळी अनोळखी गावात सूर लावत होता आणि गाव मागून म्हणत होतं. इतिहासाच्या पुस्तकात दांडी म्हणजे मीठ. मीठ उचललं ६ एप्रिलला. त्याआधीचे २४ दिवस आवाजाचे होते, हे कुठे फारसं येत नाही.

अहमदाबादेतही खऱ्यांचा उद्योग चालू होताच. डॉ. हरिप्रसाद देसाई यांच्या साथीनं त्यांनी राष्ट्रीय संगीत मंडळ चालवलं. शहरातल्या साध्या घरांतल्या मुलांना गाणं यावं, एवढाच हेतू. अहमदाबादसारख्या गिरण्यांच्या शहरात गाण्याला पैसा आणि माणसं मिळवणं सोपं नव्हतंच. गांधीजींनी आपल्या पत्रातून या मंडळासाठी लिहिलं.

१९३३ मध्ये साबरमतीचा आश्रम विसर्जित झाला. गांधीजी वर्ध्याला आले. आधी मगनवाडी, मग ३० एप्रिल १९३६ ला शेगाव, त्याचंच पुढे सेवाग्राम झालं. पंडितजी गुजरातेतच राहिले. पण प्रार्थना मात्र वर्ध्याला आली, त्याच भजनावलीसकट. तुमच्या-माझ्या जिल्ह्याशी त्यांचं नातं हे असं आहे. माणूस तिकडे, सूर इकडे.

शेवट लवकर आला. फेब्रुवारी १९३८ मध्ये सुरत जिल्ह्यात हरिपुऱ्याला काँग्रेसचं अधिवेशन होतं, तेच, सुभाषबाबू अध्यक्ष असलेलं. तापीकाठी अख्खं गावच उभारलं होतं, नंदलाल बोसांची चित्रं कमानींवर लागली होती. गाण्याच्या तयारीसाठी खरे आधीच तिथे गेले होते. तिथेच न्यूमोनिया झाला आणि अधिवेशन भरायच्या आतच ते गेले. पन्नाशीही धड ओलांडली नव्हती. न्यूमोनियावर पेनिसिलिन मिळायला अजून काही वर्षं होती.

त्यांची बाजू गेली तरी बांधलेली बैठक मोडली नाही, उलट वाढली. रेहाना तय्यबजींमुळे कुराणातल्या आयता आल्या, एका जपानी भिक्षूमुळे नम्यो हो रेंगे क्यो हा मंत्र आला, डॉ. गिल्डरांमुळे पारशी प्रार्थना आली. सेवाग्रामपासून जवळच पवनारला विनोबांनी १९५९ मध्ये ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केलं. तिथल्या भगिनीही धाम नदीच्या काठी रोज मिळून म्हणतात. तिथला विष्णुसहस्रनामाचा सामूहिक पाठ एकदा ऐकाच, त्या लयीत माणूस आपोआप सरळ बसतो.

वर्ध्याहून सेवाग्राम आठेक किलोमीटर. सायकलवर सहज होतं. संध्याकाळच्या प्रार्थनेच्या जरा आधी पोचा, मोबाइल बंद करून खिशात घाला, चपला बाजूला काढा आणि मागे कुठेतरी बसा. शब्द येत नसतील तर दुसऱ्या वेळी ओळ आली की म्हणा. सूर लागला नाही तर शेजारचा वळून बघणार नाही, त्याचाही बहुतेक लागलेला नसतो.