जखमेच्या आधी पोचू पाहणारे डॉक्टर

प्लास्टिक सर्जरी म्हटलं की आपल्याला सिनेनट्यांची नाकं आठवतात. पण या शास्त्रातला आपल्याकडचा एक मोठा माणूस रमला तो कुष्ठरुग्णांमध्ये. डॉ. नोशीर अंतिया. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली, २००७ मध्ये ते गेले.

आमच्या सावेडीतल्या घरी हे नाव आलं ते सासूबाईंच्या टाचेमुळे. त्यांना जुना मधुमेह, पायाला संवेदना नाही. चपलेत खडा अडकला आणि त्या दिवसभर तशाच वावरल्या. जखम पार हाडापर्यंत गेली. सर्जननी तळव्याच्या खोलगट भागातली कातडी, तिच्या रक्तवाहिन्यांसकट सरकवून टाचेवर बसवली. मांडीची कातडी का नाही घेतली, असं मी विचारलं. तेव्हा कळलं की तळव्याची कातडी वेगळीच असते. जाड, खालच्या चरबीच्या गादीला आणि हाडाला धाग्यांनी घट्ट बांधलेली. मांडीची पातळ कातडी टाचेवर अंगाचा भार सोसत नाही, ती घसरते, फाटते. बोलता बोलता डॉक्टरांनी अंतियांचं नाव घेतलं. मग मी मिळेल ते वाचत गेले.

अंतियांचा जन्म १९२२ चा, हुबळीचा, घर पारशी. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून ते इंग्लंडला गेले आणि सर हॅरॉल्ड गिलीज यांच्या हाताखाली तयार झाले. पहिल्या महायुद्धात भाजलेल्या सैनिकांचे चेहरे नव्यानं घडवणारे ते हेच गिलीज. कातडीची पट्टी गुंडाळून नळी करायची, तिचं एक टोक मूळ जागी ठेवून दुसरं हव्या त्या जागेकडे न्यायचं, ही युक्ती त्यांनी १९१७ मध्ये वापरली. तळव्याचं मोठं भगदाड बुजवायचं तर पोटावरची अशी नळी आधी मनगटाला जोडायची, काही आठवड्यांनी पायाला. नाहीतर चांगल्या पायाची कातडी दुखऱ्या पायाला जोडून दोन्ही पाय तीन-तीन आठवडे एकत्र जखडून ठेवायचे. कूस बदलणंसुद्धा कठीण. बाईमाणसाचं तर काय होत असेल, विचार करा!

परत आल्यावर अंतिया पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात शस्त्रक्रिया करू लागले. बसलेलं नाक, गळालेल्या भुवया, आखडलेली बोटं. १९५८ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला आणि कुष्ठरुग्णांना इतरांच्याच वॉर्डात खाट दिली. ज्या काळात घरचे लोक त्यांचं ताट वेगळं ठेवत, तेव्हाची ही गोष्ट. मला तर ती त्यांच्या कुठल्याही ऑपरेशनपेक्षा मोठी वाटते.

पण कातडी जोडली तरी मेलेली नस काही जिवंत होत नाही. संवेदना नसलेला पाय पुन्हा काट्यावर पडतो आणि पुन्हा फाटतो. अंतियांना हे खुपू लागलं. रोग नसेत शिरण्याआधीच ओळखला तर माझ्या सुरीची गरजच काय, या प्रश्नानं त्यांना ऑपरेशन थिएटरच्या बाहेर काढलं. सत्तरच्या दशकात मुंबईसमोरच्या किनाऱ्यावर, अलिबाग तालुक्यातल्या मांडवा भागात त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या. कमी शिकलेल्या, शेतीत राबणाऱ्या. अंगावर फिकट चट्टा आहे आणि तिथे स्पर्श कळत नाही, हे ओळखायला त्या शिकल्या. क्षयाचे रोगी शोधणं आणि त्यांना रोजच्या गोळ्या देणंही त्यांनी पेललं. डॉक्टरला जे घरातलं दिसत नाही ते शेजारणीला दिसतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. आपल्या जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून हेच करून दाखवलं होतं.

मांडव्याच्या पुढाऱ्यांना मात्र गावच्या बायका शहाण्या झालेल्या रुचल्या नाहीत. विरोध वाढला आणि ते काम थांबवावं लागलं. अंतिया तेव्हा साठीच्या आसपास होते. जे. जे. मधून निवृत्त झालेले, नाव झालेलं, घरी बसले असते तरी कुणी बोललं नसतं. १९९० मध्ये पद्मश्रीही मिळाली. पण पुढे त्यांच्या संस्थेनं पुरंदर तालुक्यातल्या परिंचे परिसरात पुन्हा गावच्या बायकांनाच हाताशी धरून कामाला सुरुवात केली. तिथे त्यांना सगळे ताई म्हणत.