कायदा दिल्लीचा, पोलीस राज्याचे

केंद्र-राज्य संबंधांवर लिहिणारी विद्वान मंडळी अमेरिका-कॅनडापर्यंत फिरून येतात; पण कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या एका भारतीय विद्यार्थ्याच्या प्रबंधाकडे त्यांची नजर जात नाही. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली न्यूयॉर्कला गेलेल्या भीमराव आंबेडकरांनी ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतांची तिजोरी हा विषय डॉक्टरेटसाठी घेतला. १९२५ साली तो प्रबंध लंडनला ग्रंथरूपाने निघाला. आम्ही वकिलीच्या पहिल्या वर्षी तो हाती घेतला आणि आकडे पाहून बाजूला ठेवला, हे कबूल केलेले बरे.

१८३३ च्या सनदी कायद्याने मुंबई-मद्रासची तिजोरी कलकत्त्याच्या ताब्यात गेली. खर्च प्रांतांनी करायचा, पैसा वरून यायचा. जो जास्त ओरडेल त्याच्या पदरात जास्त. काटकसर करणाऱ्याला काहीच नाही. १८७० मध्ये लॉर्ड मेयोने नेमून दिलेल्या रकमा सुरू केल्या, पुढे महसुलात वाटाही आला. पण तो हक्क नव्हता, वरच्याची मेहेरबानी होती, हे बाबासाहेबांनी सरकारी कागदांतूनच सिद्ध केले. परके सरकार विरोधाच्या भीतीने जातिव्यवस्थेला हात लावत नाही, हेही त्यांनी त्याच अर्थशास्त्राच्या ग्रंथात नोंदवून ठेवले.

मग आपल्या माणसांचे सरकार आले. १९३७ साली प्रांतिक स्वायत्तता मिळाली आणि मुंबई विधिमंडळात बाबासाहेब स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून बसले. त्याच सप्टेंबरात त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातली कुळे मुंबईत कौन्सिलवर मोर्चा घेऊन आली. मंत्रिमंडळ लोकांनी निवडलेले होते, तरी विधेयक मंजूर झाले नाही. सत्ता प्रांतात आली. कुळाच्या झोपडीत आली नाही.

१७ डिसेंबर १९४६ रोजी घटना समितीत त्यांनी मजबूत केंद्राची बाजू घेतली, ती ही शिदोरी घेऊनच, असे आम्ही मानतो. पुढे फाळणी झाली, ते मसुदा समितीचे अध्यक्ष झाले आणि ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना त्यांनी सांगितले की ही रचना एरवी संघराज्याची राहील, पण संकटात एकात्म होईल. मूळ घटनेत संघाच्या सूचीत ९७ विषय, राज्यांच्या ६६, समवर्ती ४७. पैशाच्या वाटपासाठी कलम २८० चा वित्त आयोग आला. प्रबंधातली मेहेरबानीची तक्रार ज्याने वाचली आहे, त्याला हे कलम ओळखीचे वाटेल.

आमच्या बांधवांनी मात्र कलम ३५ पाठ करावे. कलम १७ ने अस्पृश्यता संपवली. तिच्या गुन्ह्याला शिक्षा ठरवण्याचा अधिकार कलम ३५ ने फक्त संसदेला दिला. राज्य विधिमंडळांना तो नाहीच. त्यातून १९५५ चा अस्पृश्यता गुन्ह्यांचा कायदा आला. पुढे १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही संसदेनेच केला. पण पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे राज्यसूचीतले पहिले दोन विषय. म्हणजे कायदा दिल्लीचा आणि फिर्याद घेणारा फौजदार राज्याचा! आमचे किती खटले या दोघांच्या मधल्या फटीत पडले, ते आमच्या कपाटातल्या फायली सांगतील.

ही फट बाबासाहेबांना दिसत नव्हती असे नाही. १९५५ च्या अखेरीस भाषावार राज्यांवर लिहिताना त्यांनी इशारा दिला की एका भाषेच्या राज्यात एकच मोठी जात सत्तेवर बसेल आणि लहान जाती तिच्या तावडीत सापडतील. म्हणून मुंबई धरून मराठी मुलखाची चार राज्ये करा, उत्तर प्रदेशची तीन करा, असे ते म्हणाले. आपल्यातल्याही अनेकांना ते रुचले नव्हते. वर्षभरात, ६ डिसेंबर १९५६ ला, ते गेले.

अत्याचार कायद्याच्या १९९५ च्या नियमांत नियम १६ आहे. मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता समितीने दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत बसायचे आहे. गेल्या पाच वर्षांत ती कोणत्या तारखांना बसली, हे विचारणारा माहिती अधिकाराचा अर्ज आम्ही लिहून ठेवला आहे. ज्याला हवा त्याने प्रत घेऊन जावी.