क्लब गाजवणारी गिटारिस्ट

जाझ क्लबात गिटार वाजवून पोट भरणारी बाई, तीही १९४०च्या दशकात! मेरी ऑस्बॉर्नने हे करून दाखवलं. जन्म १९२१चा, अमेरिकेतल्या नॉर्थ डाकोटातला. शाळकरी वयातच बिस्मार्कच्या एका क्लबात तिने चार्ली ख्रिश्चनची इलेक्ट्रिक गिटार ऐकली आणि लगेच तसलीच गिटार घेतली. पुढे थेट न्यूयॉर्क! ५२व्या स्ट्रीटवर ती स्वतःचं त्रिकूट घेऊन वाजवू लागली. चाळिशीजवळ आलेल्या, वीस वर्षं मुरलेल्या या कलाकाराच्या रेकॉर्डचं नाव काय ठेवलं? ‘अ गर्ल अँड हर गिटार’. म्हणजे अजून ‘मुलगी’च! १९६८ मध्ये ती कॅलिफोर्नियात गेली. तिथे गिटार शिकवली, नवऱ्यासोबत गिटार बनवायची कंपनीही काढली. साठीनंतरही तिचं वाजवणं सुरूच होतं. १९९२ मध्ये ती गेली. तिच्या रेकॉर्ड्स आहेत, एकदा ऐकाच.