सकाळी गाडी चालू होते ती या माणसामुळे! बॅटरी बनवणाऱ्या गॅस्तों प्लांतेची गोष्ट

बीड जिल्ह्यात दिवाळीनंतर हजारो कुटुंबं ऊसतोडीला बाहेर पडतात. कित्येकांची गाडी चार-सहा महिने दारात उभी. परत येऊन स्टार्टर दाबला की नुसता ‘टक’ आवाज. बॅटरी गेली! असं का होतं, हे कळायला फ्रान्समधल्या एका माणसाची गोष्ट माहीत हवी.

त्याचं नाव गॅस्तों प्लांते. जन्म २२ एप्रिल १८३४, गाव ऑर्थेझ. विशीत तो पॅरिसच्या प्रयोगशाळेत सहाय्यक म्हणून लागला. १८५५ मध्ये त्याला पॅरिसजवळ एका अवाढव्य पक्ष्याचे जीवाश्म सापडले. त्या पक्ष्याला त्याच्याच नावावरून ‘गॅस्टॉर्निस’ म्हणतात.

पण त्याचं खरं काम १८५९ चं. तेव्हाच्या बॅटऱ्या एकदा संपल्या की त्यांतली रसायनं बदलावी लागत. प्लांतेने शिशाचे दोन पत्रे घेतले, ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये पट्ट्या घातल्या, गुंडाळी केली आणि पाणी मिसळलेल्या गंधकाम्लात बुडवली. वीज दिली की ती साठायची, हवी तेव्हा परत मिळायची. जगातली पहिली रिचार्ज होणारी बॅटरी तयार झाली! १८६० मध्ये त्याने नऊ सेलची बॅटरी फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे मांडली.

अडचण एकच होती. नव्या पत्र्यांत वीज फार कमी मावायची. मग प्लांते त्यांना पुन्हापुन्हा चार्ज आणि डिस्चार्ज करत बसायचा. तेव्हा चार्जिंगला कामाचा डायनामोही नव्हता, साध्या सेलवर भागवावं लागे. १८८१ मध्ये कामिल फोरने पत्र्यांवर शिशाच्या ऑक्साइडचा लेप दिला आणि बॅटरी कारखान्यात बनण्याजोगी झाली. त्याच वर्षी पॅरिसमध्ये विजेवरची तीनचाकी धावली.

१८८९ मध्ये, वयाच्या ५५ व्या वर्षी प्लांते गेला. मोटारीत सेल्फ-स्टार्टर आला १९१२ मध्ये. म्हणजे आपल्या बॅटरीचं सगळ्यात मोठं काम त्याने पाहिलंच नाही.

आता दारातल्या गाडीकडे येऊ. डिस्चार्ज होताना दोन्ही प्लेटवर लेड सल्फेट जमतं, चार्ज केलं की ते निघतं. बॅटरी महिनोन्महिने उतरलेली राहिली तर तेच सल्फेट कडक होतं आणि मग निघत नाही. वर बीडचा चाळिशीपार उन्हाळा. उष्णतेने पाणी उडतं, आतल्या शिशाच्या जाळ्या लवकर झिजतात.

म्हणून नवी बॅटरी घेताना:

• कंपनीने गाडीला सांगितलेलीच साइज आणि अँपिअर-अवर घ्या.
• बनवल्याची तारीख बघा. दुकानात पडून राहिलेली बॅटरी आपोआप उतरते.
• वॉरंटीत किती महिने फुकट बदलून मिळेल आणि किती महिने नुसती सूट, हे विचारा. कार्डवर तारीख आणि शिक्का घ्या.
• आधी गाडीचं चार्जिंग तपासा. तिथेच बिघाड असेल तर नवी बॅटरीही टिकणार नाही.
• क्लॅम्प घट्ट बसवा. खड्ड्यांच्या हादऱ्याने प्लेट खराब होतात.
• जुनी बॅटरी दुकानदारालाच द्या. शिसं विषारी असतं.

आणि गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर बॅटरी पूर्ण चार्ज करून निगेटिव्हची वायर काढून ठेवा. घरी कुणी असेल तर महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा चार्ज करायला सांगा. नव्या बॅटरीच्या पैशांपेक्षा हे कितीतरी स्वस्त!