पाद्री मात्तेओ रिच्ची
इटलींतील माचेराता येथें १५५२ सालीं जन्मलेला हा जेझुइट पाद्री गोव्यांत अध्ययन करून १५८२ सालीं मकावला पोहोंचला. चीनमध्यें प्रथम त्यानें बौद्ध भिक्षूचा वेष घेतला. परंतु तेथें अधिक मान विद्वानांस, हें ओळखून १५९५ सालीं पंडिताचा झगा चढविला व मैत्रीविषयीं चिनी भाषेंत ग्रंथ लिहिला.

खरा पेंच पुढेंच होता. चिनी लोक मृत आईबापांच्या नांवाच्या पाटीपुढें अन्न ठेवून वांकत. (वाचकांस श्राद्धाची आठवण होईल.) युरोपीय उपदेशकास तें पाप वाटे, चिनी पुत्रास तें न करणें पाप वाटे. रिच्चीनें तें मातृपितृभक्तीचें चिन्ह मानिलें व ख्रिस्ती झालेल्यांस मोकळीक दिली. १६१० सालीं तो पेकिंग येथें वारला. बादशहानें दफनासाठीं जागा दिली. ती मोकळीक रोमनें १७०४ सालीं नाकारली. १९३९ सालीं पुनः दिली.