ओझोन मोजणारे डॉब्सन

निरभ्र आकाश रिकामेच भासते. परंतु आपल्या डोक्यावर, मुख्यतः १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर, ओझोन नावाचा विरळ वायू पसरलेला आहे. सूर्याचे घातक अतिनील किरण तो शोषून घेतो व जीवसृष्टीचे रक्षण करतो. हा सर्व वायू खाली आणून भूपृष्ठावर पसरला, तर त्याचा थर जेमतेम ३ मिलिमीटर जाड होईल. इतक्या अल्प वायूचे जमिनीवरूनच अचूक मोजमाप करण्याचे साधन ज्यांनी जगाला दिले, ते शास्त्रज्ञ म्हणजे गॉर्डन डॉब्सन.

डॉब्सन यांचा जन्म १८८९ साली इंग्लंडमधील विंडरमिअर येथे झाला. तेथील विस्तीर्ण सरोवराची पातळी संथपणे खालीवर होत असते. त्या हालचालीचा अभ्यास त्यांनी विद्यार्थीदशेतच केला. केंब्रिज येथे शिक्षण झाल्यावर १९२० साली ते ऑक्सफर्ड विद्यापीठात हवामानशास्त्र शिकवू लागले.

तेथे लिंडेमन या शास्त्रज्ञासह त्यांनी उल्कांचा अभ्यास केला. उल्का किती उंचीवर पेटतात व कोठे विझतात, यावरून त्यांना दिसून आले की, सुमारे ५० किलोमीटर उंचीवरील हवा समजुतीपेक्षा पुष्कळच उष्ण असली पाहिजे. ही उष्णता ओझोनमुळे निर्माण होत असावी, असा त्यांनी तर्क केला. पण केवळ तर्कावर विसंबून राहणे त्यांच्या स्वभावात नव्हते. ओझोन मोजण्याचा त्यांनी निश्चय केला.

तितक्या उंचीवर जाणे शक्य नव्हते. परंतु तेथून गाळला गेलेला सूर्यप्रकाश तर अंगणात येतच होता. डॉब्सन यांनी दोन प्रकारचे अतिनील किरण निवडले. एक ओझोनकडून फार शोषला जाणारा, तर दुसरा अगदी थोडा. त्या दोहोंच्या तीव्रतेची तुलना केली की वाटेतील ओझोनचे प्रमाण कळे. यासाठी लागणारे यंत्र त्यांनी १९२४ साली स्वतः घडविले.

एका ठिकाणच्या मोजणीने त्यांचे समाधान झाले नाही. आणखी पाच यंत्रे सिद्ध करून त्यांनी ती १९२६ साली स्वीडन, आयर्लंड, स्वित्झर्लंड इत्यादी देशांत धाडली. तेथे घेतलेल्या छायाचित्रांच्या काचा ऑक्सफर्डला येत आणि त्यांचे मोजमाप तेथेच होई. पुढे काही यंत्रे दूरदूरच्या देशांत गेली. त्यांतील एक भारतात कोडाईकनाल येथे आले. समशीतोष्ण प्रदेशात ओझोन वसंत ऋतूत सर्वांत अधिक व शरद ऋतूत सर्वांत कमी असतो, तसेच विषुववृत्ताजवळ तो थोडा असतो, हे या परिश्रमांतून सिद्ध झाले.

१९५६ साली त्यांच्या सुधारित यंत्राने अंटार्क्टिकातील हॅली बे येथे मोजणी सुरू झाली. सप्टेंबर व ऑक्टोबर महिन्यांचे आकडे अपेक्षेपेक्षा सुमारे १५० एककांनी कमी भरले. निरीक्षकाची चूक झाली असावी किंवा यंत्र बिघडले असावे, अशी प्रथम सर्वांना शंका आली. नोव्हेंबरमध्ये मात्र आकडे एकाएकी वाढले. पुढच्या वर्षीही हाच क्रम दिसला, तेव्हा ते आकडे खरे असून दक्षिण ध्रुवाकडील निसर्गक्रमच वेगळा आहे, हे डॉब्सन यांनी मान्य केले. आपली अपेक्षा चुकली म्हणून त्यांनी नोंद पुसली नाही.

१९७६ साली डॉब्सन यांचे निधन झाले. हॅली बे येथील मोजणी मात्र खंडित झाली नाही. तेथील ऑक्टोबरमधील ओझोन पूर्वी सुमारे ३०० एकक असे. तो २०० एककांपर्यंत उतरल्याचे १९८५ साली शास्त्रज्ञांनी जाहीर केले. ही घट नैसर्गिक नव्हती. शीतकपाटे व फवारे यांत वापरल्या जाणाऱ्या मानवनिर्मित वायूंचा तो परिणाम होता. जुन्या नोंदी नसत्या, तर ही घट कशाशी ताडून पाहावयाची, हा प्रश्नच उरला असता. १९८७ साली मॉन्ट्रिअल येथे त्या वायूंवर निर्बंध घालणारा करार झाला. त्यानंतर ओझोनचा थर हळूहळू सावरू लागला.

ओझोन ज्या एककात मोजतात, त्याला आज जगभर डॉब्सन एकक म्हणतात. अशी १०० एकके म्हणजे १ मिलिमीटर जाडीचा थर. ज्या मोजणीचा तत्काळ उपयोग कोणास दिसत नव्हता, तीच पुढे साऱ्या जीवसृष्टीच्या उपयोगी पडली.